जांभळा शिक्का

अमेरिकेतल्या कोलंबस शहराजवळच्या एका जुन्या घरात इस्टेट सेल होता. घरातलं माणूस गेलं की मुलं चमच्यांपासून कपाटांपर्यंत सगळं विकायला काढतात. शुक्रवारी सुरू होतं आणि रविवारी दुपारी भाव निम्म्यावर येतात, म्हणून मी कायम रविवारी जाते. तळघरात पत्र्याचा एक डबा दिसला. वर चिठ्ठी होती, 'कागद, २० डॉलर'. मला तो दहाला मिळाला.

अमेरिकेतल्या जुन्या लॉजांचे, म्हणजे सभासदांच्या बंधुमंडळांच्या शाखांचे, कागद जमवायला लागून मला सहा वर्षं झाली. सभासदत्वाच्या सनदा, वर्गणीच्या पावत्या, नियमांच्या पुस्तिका, जेवणाची निमंत्रणं, असलं सगळं. आई फोनवर म्हणते, "एवढ्या लांब जाऊन रद्दीच गोळा करतेस होय?" तिला काय सांगणार? मी सुरुवात केली ती निव्वळ चित्रांसाठी. ऑड फेलोज नावाचं मंडळ १८१९ साली बाल्टिमोरमध्ये थॉमस वाइल्डी यानं उभं केलं. त्यांच्या सनदेवर साखळीच्या तीन कड्या, उघडा डोळा, कवटी, मधमाश्यांचं पोळं, असं काय काय रंगीत शिळाछापात भरलेलं असतं. पहिली सनद मी अशीच हरखून घेतली आणि फसले. भिंगाखाली धरली तर सगळीकडे एकसारख्या ठिपक्यांच्या रांगा. म्हणजे आजची छपाई. जुन्या शिळाछापात ठिपके हातानं दिलेले असतात, त्यामुळे ते वेडेवाकडे पडतात. तेव्हापासून भिंग पर्समध्येच असतं.

तारखा लावणं हा एक वेगळाच खेळ. मेसन हे असंच दुसरं बंधुमंडळ, त्यांचं साल आपल्यापेक्षा चार हजारांनी पुढं. त्यांच्या कागदावर ५८९० दिसलं तर चार हजार वजा करायचे. रेड मेन नावाच्या आणखी एका मंडळाचं पंचांग १४९२ पासून सुरू होतं, महिन्यांना ते चंद्र म्हणतात आणि डॉलरला फॅदम. नाव रेड मेन, सभांना पोशाख मूळनिवासींचा, आणि खऱ्या मूळनिवासींना १९७४ पर्यंत प्रवेशच नव्हता. त्यांचे कागद माझ्याकडे आहेत, पण दाखवताना हे सांगितल्याशिवाय मी दाखवत नाही. काळ्या ऑड फेलोजनाही गोऱ्यांच्या लॉजांनी जवळ केलं नाही. पीटर ऑग्डेन यांनी थेट इंग्लंडहून परवाना आणून १८४३ मध्ये त्यांचं स्वतंत्र मंडळ उभं केलं. त्यांची एकच पावती आजवर माझ्या हाती लागली आहे.

तर तो डबा. वरच एक सनद होती, शंभरेक वर्षं गुंडाळून ठेवलेली, पापडासारखी कडक. उलगडायला गेले तर कडेला कर्र झालं. अशा कागदाला आधी दमटपणा द्यावा लागतो. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला दोन बोटं पाणी घ्यायचं, त्यात जाळीची छोटी बादली ठेवायची, बादलीत गुंडाळी उभी करायची आणि झाकण लावायचं. पाणी कागदाला लागता कामा नये, नुसती हवा लागली पाहिजे. आठ तासांनी कागद मऊ पडला, आपणहून उलगडला. टीपकागदांमध्ये घालून वर फरशीचा तुकडा आणि त्यावर आईनं दिलेला खलबत्ता ठेवला. आठवड्यानं उघडलं तर सनद सरळ झाली होती, पण खालच्या कोपऱ्यातला लॉजचा जांभळा शिक्का पसरून त्याची ढगासारखी जांभूळछटा झाली होती. अक्षरं गेली. ती जुनी जांभळी शाई दमट हवेतसुद्धा फुटते हे मला ठाऊक होतं. कापसाचं ओलं टोक एका ठिपक्याला लावून बघायचं, दोन मिनिटांचं काम. घाई केली. त्या दिवशी मी स्वतःवर जितकी चिडले तितकी कुणावर चिडल्याचं आठवत नाही.

रागारागानं डब्यातलं बाकीचं बाजूला सारलं होतं. महिनाभरानं परत काढलं तेव्हा कळलं की सनद ही त्यातली सगळ्यात कमी महत्त्वाची वस्तू होती. खाली सुतळीनं बांधलेली सूचनापत्रं होती, एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेनची. हे मंडळ १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलला जॉन जॉर्डन अपचर्च यानं काढलं. साधा हिशेब होता. कुणी सभासद गेला की प्रत्येकानं एक डॉलर भरायचा आणि ते पैसे त्याच्या घरच्यांना द्यायचे. सूचनापत्रावर गेलेल्यांची यादी असे. नाव, वय, मृत्यूचं कारण. क्षय. विषमज्वर. रेल्वेत सापडून. आणि खाली, अमुक तारखेपर्यंत भरा, नाहीतर हक्क गेला.

वाचताना आजोबा आठवले. गिरणगावात ते आमच्या गावच्या मंडळाच्या खोलीत राहायचे. दरमहा वर्गणी, आणि कुणी गेलं की त्याच्या घरी मंडळातर्फे पैसे. तिथंही वर्गणी थकली की नाव फळ्यावर लागायचं म्हणे.

मी पत्रं तारखेप्रमाणे लावून मोजली. पहिल्या वर्षी नऊ. पुढं बारा, पंधरा, अठरा. या योजनेचं दुखणं हेच होतं. सभासद म्हातारे होत गेले, मरणं वाढली, वर्षाचे डॉलर वाढले, आणि तरुण मंडळी म्हणाली, आम्ही का भरायचं? मग ते सोडून जायचे आणि उरलेल्यांवरचा भार आणखी वाढायचा. हे मी पूर्वी वाचलेलं होतं. पण एका माणसाच्या सुतळीत बांधलेलं ते एवढं जाडजूड दिसेल असं वाटलं नव्हतं. पावत्या त्याच्याच बरोबरीनं लावल्या. अठरा पत्रांच्या वर्षी पावत्या अकरा आहेत. पुढच्या वर्षी तीन. मग एकही नाही, पत्रं मात्र आणखी चार महिने येत राहिली.

शेवटच्या पत्राच्या पाठीवर पेन्सिलीची बेरीज आहे. एकाखाली एक आकडे, खाली रेघ, आणि रेघेखाली कोरं.

बाकीची पत्रं पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत घातली. हे एक घालता आलं नाही. त्या पाकिटात घर्षणानं विद्युतभार साठतो आणि पेन्सिलीची भुकटी उचलली जाते. म्हणून ते आम्ल नसलेल्या कागदाच्या घडीत ठेवलंय, पाठ वर करून.