शपथपत्रासाठी केलेला फोन

माझ्या गळ्यावर एक बारीक आडवी रेघ आहे. ती थायरॉईडच्या शस्त्रक्रियेची आहे, असे सांगितले की समोरची बाई बहुधा म्हणते, “अगं, मलाही थायरॉईड आहे.” आपल्याकडे थायरॉईड हे ग्रंथीचे नाव न राहता आजाराचेच नाव होऊन बसले आहे. सासूबाई फोनवर विचारतात, “माझी गोळी पन्नासची, तुझी कितीची गं?” मी एकशे पंचवीस म्हटले की त्यांच्या हिशेबाने माझा आजार अडीचपट होतो. त्यांची ग्रंथी जागेवर आहे आणि थोडी मंद चालते, माझी मात्र कर्करोगामुळे संपूर्ण काढून टाकलेली आहे, हा फरक मी आता समजावत बसत नाही. त्या कर्करोगासाठी मला, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील हल्ल्यानंतरच्या धुळीने आजारी पडलेल्यांसाठी असलेल्या, अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या दोन योजनांतून उपचार आणि नुकसानभरपाई कशी मिळाली, हे मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण २००१ साली माझ्याबरोबर काम करणारी निम्मी माणसे आज पुण्यात, ठाण्यात आणि हैदराबादेत आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना या योजना आपल्यासाठीही आहेत याची कल्पना नाही.

मी तेव्हा एच-१बी व्हिसावर होते आणि न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटपासून दोन गल्ल्या सोडून असलेल्या एका कार्यालयात संगणकाचे काम करत होते. ११ सप्टेंबरच्या त्या मंगळवारी मी जर्सी सिटीच्या घरातच होते, त्यामुळे मनोरे कोसळताना उठलेल्या धुळीच्या लोटात मी सापडले नाही. १७ सप्टेंबरला शेअर बाजार उघडला आणि त्याच आठवड्यात आम्हालाही कामावर बोलावले गेले. जर्सी सिटी आणि न्यूयॉर्क यांना जोडणाऱ्या पाथ रेल्वेचे वर्ल्ड ट्रेड सेंटरखालचे स्थानक उद्ध्वस्त झाले होते, म्हणून तेहतिसाव्या रस्त्यापर्यंत जाऊन तिथून सबवेने पुन्हा खाली दक्षिणेकडे यावे लागे. स्टेशनच्या पायऱ्या चढतानाच वास यायचा. जळालेली वायर, ओले सिमेंट आणि आणखी काहीतरी गोडसर असा तो वास होता आणि ढिगाऱ्यातली आग डिसेंबरपर्यंत धुमसत राहिल्यामुळे तोही तोपर्यंत गेला नाही. सकाळी कार्यालयात आल्यावर आम्ही आधी ओल्या कागदी रुमालाने कीबोर्ड पुसत असू. रुमाल करडा होई, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच करडा होई. १८ सप्टेंबरलाच पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचे जाहीर केले होते. असे ठामपणे सांगण्याइतकी माहिती त्या वेळी संस्थेच्या हाती नव्हती, असे त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी २००३ साली अहवालात नोंदवले, पण तोवर आमचे कीबोर्ड पुसून झाले होते.

त्या धुळीत सिमेंट, काचतंतू, ॲस्बेस्टॉस आणि शिसे होते, आणि जळत्या प्लास्टिक व इंधनातून निर्माण झालेली डायॉक्सिनसारखी रसायने होती. थायरॉईडच्या कर्करोगाचे नाव काढले की चेर्नोबिलची अणुदुर्घटना आठवते, पण तिथला मार्ग सरळ होता: किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईच्या पोटात गेले, दुधातून मुलांपर्यंत पोहोचले आणि त्यांच्या थायरॉईडमध्ये साठले. न्यूयॉर्कच्या धुळीच्या बाबतीत असा थेट धागा दाखवता येत नाही. संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांवर संशय आहे, इतकेच म्हणता येते. त्यातच, अग्निशमन दलाच्या जवानांच्या एका अभ्यासात असे दिसले की त्यांच्यात वाढलेले थायरॉईडचे कर्करोग मुख्यतः कोणतेही लक्षण नसलेले होते, म्हणजे वारंवार होणाऱ्या तपासण्यांमध्ये सहज नजरेस पडलेले. माझीही गाठ तशीच सापडली. २०२१ मध्ये खोकला हटेना म्हणून छातीचे सीटी स्कॅन केले आणि चित्राच्या वरच्या कडेला गळ्यातली गाठ दिसली. ती शोधलीच नसती तर कदाचित आयुष्यभर गप्प राहिली असती, हा विचार माझ्याही मनात येतो. मात्र सुईच्या तपासणीच्या अहवालात ‘पॅपिलरी कार्सिनोमा’, म्हणजे थायरॉईडच्या कर्करोगाचा एक प्रकार, हे शब्द वाचल्यानंतर ती शंका घरी ठेवून शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर पंधरवडाभर आवाज बसलेला होता आणि कॅल्शियम उतरल्याने ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येत होत्या. पुढे किरणोत्सारी आयोडीनची एक मात्रा घ्यायची होती. त्याआधी दोन आठवडे आहारातून आयोडीन काढावे लागते, म्हणजे आपले नेहमीचे मीठ, दूध, दही, अंडी आणि समुद्रातले मासे बंद. बिनआयोडीनच्या मिठात शिजवलेला वरणभात मी ताकाशिवाय चौदा दिवस खाल्ला. त्यानंतर एका जाड शिशाच्या भांड्यातून आलेली छोटीशी कॅप्सूल परिचारिकेने माझ्यापुढे ठेवली, ती लगेच दाराशी जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, “आता गिळा.” चेर्नोबिलच्या दुधातले आयोडीन १३१ ते हेच, फक्त इथे ते मोजून दिलेले औषध होते. घरी मी काही दिवस वेगळ्या खोलीत राहिले आणि मुलीशी दाराआडून बोलले.

हे सगळे माझ्या नेहमीच्या विम्यावर झाले. धूळ आणि गाठ यांचा संबंध मी तोपर्यंत जोडलाच नव्हता. एका जुन्या सहकाऱ्याने आपण या योजनांत नाव नोंदवल्याचे सांगितले तेव्हा माझा पहिला प्रतिसाद होता की ते सगळे अग्निशमन दलाचे आणि पोलिसांचे आहे, आपण काय केले? हा गैरसमज निष्कारण नाही. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले आणि २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत नंतरच्या आजारांनी गेलेल्यांची संख्याही ३४३ झाली. या योजनांचा कायदा ज्यांच्या नावाने झाला ते जेम्स झाड्रोगाही पोलिस दलातलेच होते. मात्र २ जानेवारी २०११ रोजी स्वाक्षरी झालेल्या त्या कायद्यात मदतकार्य करणाऱ्यांबरोबरच तिथे राहणाऱ्या, शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या माणसांचाही वर्ग केलेला आहे. कर्करोग सुरुवातीला यादीत नव्हते, ते २०१२ मध्ये घातले गेले आणि थायरॉईडचा त्यांत आहे.

योजना दोन आहेत आणि त्या वेगळ्या आहेत, हे समजायला मला दोन महिने लागले. पहिली आरोग्य योजना. ह्यूस्टन स्ट्रीटच्या दक्षिणेचे मॅनहॅटन आणि त्याच्या समोरचा ब्रुकलिनचा काही भाग तिच्या कक्षेत येतो. तिथे १० जानेवारी २००२ पर्यंत किमान चार दिवस किंवा ३१ जुलै २००२ पर्यंत किमान तीस दिवस तुमचे काम, घर वा शाळा असेल, तर धुळीच्या लोटात सापडलेले असण्याची गरज नाही. दुसरी भरपाई निधीची योजना आहे. तिची हद्द बरीच खाली, कॅनॉल स्ट्रीटपाशी संपते आणि कालावधी ३० मे २००२ पर्यंतचा आहे. म्हणजे कॅनॉल आणि ह्यूस्टन यांच्या मधल्या एखाद्या कार्यालयात बसणाऱ्याला उपचार मिळतील, भरपाई मिळणार नाही. धुळीने ही रेषा पाळली असेल असे मला वाटत नाही, पण कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते.

आपली गाठ त्या धुळीनेच झाली, हे रुग्णाने सिद्ध करायचे नसते, आणि या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा भाग मला हाच वाटतो. तुम्ही तिथे पुरेसा काळ होतात का आणि धुळीशी पहिला संबंध आल्यापासून निदानापर्यंत किमान कालावधी गेला आहे का, हे पाहतात. थायरॉईडसाठी तो अडीच वर्षांचा आहे, माझ्या बाबतीत वीस वर्षे लोटली होती. त्यावरून योजनेचे डॉक्टर शिफारस करतात आणि प्रमाणपत्र येते. मला ते २०२३ मध्ये मिळाले. तेव्हापासून गळ्याची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, तज्ज्ञांच्या भेटी आणि रोजची एकशे पंचवीसची गोळी यांतले काहीही माझ्या खिशातून जात नाही. मी मदतकार्यातली नसल्याने बिल आधी माझ्या विम्याकडे जाते आणि उरलेले योजना भरते. ही आरोग्य योजना २०९० पर्यंत आहे. भरपाई निधी मात्र मध्यंतरी आटत चालला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत निधीच्या प्रमुख रूपा भट्टाचार्य यांना प्रलंबित दाव्यांच्या रकमा निम्म्याने आणि नव्या दाव्यांच्या सत्तर टक्क्यांनी कमी करत असल्याचे जाहीर करावे लागले होते. त्याच जुलैत नवा कायदा झाला आणि निधीचीही मुदत २०९० पर्यंत गेली.

भरपाईबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. वेदना आणि आयुष्यावर झालेला परिणाम यांसाठी एका कर्करोगामागे सर्वसाधारण कमाल मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे. बुडालेल्या मिळकतीचा हिशेब वेगळा होतो, पण मी दीड महिन्यात कामावर परतले होते, त्यामुळे तो भाग मला लागू नव्हता. या रकमेवर अमेरिकेचा केंद्रीय प्राप्तिकर लागत नाही आणि वकील केल्यास त्याचे शुल्क दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन वर्षांत निधीकडे नुसते नाव नोंदवणे आवश्यक आहे. दावा नंतर सावकाश भरता येतो. मला किती मिळाले ते लिहिणार नाही. भोपाळच्या बहुतेक जखमींना पहिल्यांदा पंचवीस हजार रुपये मिळाले होते, हे ठाऊक असलेल्या माणसाने अशा रकमेविषयी तक्रारही करू नये आणि मिरवूही नये.

खरी अडचण आली ती कागदांची. मी तिथे होते हे दाखवायचे कसे? माझ्या पगाराच्या चिठ्ठ्यांवर मला नोकरीला ठेवणाऱ्या कंपनीचा न्यू जर्सीतला पत्ता होता, कारण काम मॅनहॅटनमधल्या ग्राहकाकडे असले तरी पगार तिथून निघत असे. ती कंपनी केव्हाच बंद पडली आहे. एच-१बीवर आलेल्या प्रत्येकाची हीच गोष्ट असणार. शेवटी व्हिसाच्या मुदतवाढीच्या फायलीत ग्राहकाचे एक पत्र सापडले, त्यात मी त्यांच्या जागेत बसून काम करते असे पत्त्यासह लिहिले होते. त्याला जोड म्हणून मला प्रत्यक्ष तिथे पाहिलेल्या दोन व्यक्तींची शपथपत्रे हवी होती. एक हैदराबादच्या मित्राने दोन दिवसांत पाठवले. दुसऱ्यासाठी मी कोथरूडला फोन लावला, बावीस वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीला. २००२ च्या उन्हाळ्यात नोकरी गेल्यावर ती परतली होती.

कशासाठी हवे आहे ते मी सांगितले, तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “अगं, माझंही ऑपरेशन झालंय, २०१३ मध्ये. पॅपिलरीच. पण आपण काही ढिगारा उपसला नव्हता गं.” मी जे सहकाऱ्याला म्हणाले होते, तेच ती मला म्हणत होती. ती आता अमेरिकेत नाही, तिथले नागरिकत्व तर कधीच नव्हते, असे तिचे पुढचे आक्षेप होते. भरपाई निधीला नागरिकत्वाची वा व्हिसाची अट नाही. आरोग्य योजनेचे उपचार भारतात मिळत नाहीत हे खरे आहे. पण परदेशात राहणाऱ्यांना आपल्या स्वतःच्या डॉक्टरांकडून आजाराची माहिती निधीकडे पाठवण्याची सोय आहे. तिचे शल्यचिकित्सक अजून पुण्यातच प्रॅक्टिस करतात.

एका बाबतीत तर ती माझ्यापेक्षा सुस्थितीत निघाली. माझा बायोप्सीचा अहवाल मिळवायला मला रुग्णालयाच्या दफ्तरखान्याशी दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला होता. आपल्याकडे फाईल रुग्णाच्याच कपाटात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने व्हॉट्सॲपवर एकामागून एक एकोणतीस छायाचित्रे पाठवली: सोनोग्राफी, सुईची तपासणी, शस्त्रक्रियेची नोंद, गाठीचा अहवाल, आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात औषधाच्या दुकानाची ती निळी प्लास्टिकची पिशवी. गाठीचा आकार दीड सेंटीमीटर होता. माझी एक पूर्णांक दोन दशांश होती.

तिच्याकडे नसलेली गोष्ट एकच, त्या पत्त्याचा पुरावा. तिच्या मुदतवाढीची फाईल परतताना टाकून दिली गेली. म्हणून गेल्या रविवारी मी तिच्यासाठी शपथपत्र लिहायला बसले. मजकूर खोटा ठरल्यास शिक्षा होऊ शकते याची जाणीव ठेवून सही करायची असते, म्हणून जे नक्की आठवते तेवढेच लिहिले: इमारतीचा पत्ता, बाराव्या मजल्यावरची पूर्वेकडची खिडकी, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या मे महिन्यापर्यंतचे कामाचे दिवस, आणि रोज सकाळी नऊच्या सुमारास ती माझ्याकडून ओले रुमाल मागून घेत असे, हे.