चलाम चतंये! आमच्याकडचं वाचन कानापासून सुरू झालं त्याची गोष्ट

माझा मुलगा सिनियर केजीत होता तेव्हा ए टू झेड सुरात म्हणायचा, क ते ज्ञ पण पाठ, तक्त्यावर कुठल्याही अक्षरावर बोट ठेवा नाव बरोब्बर सांगणार. पण 'मका' लिहून पुढे ठेवला की म... का... म... का... करत बसायचा आणि मग माझ्या तोंडाकडे बघून ठोकून द्यायचा, 'माकड?' शाळेतून सारखं एकच, घरी रीडिंग घ्या. अहो घेतोय की, पण घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगेल तर शप्पथ.

माझी एक मैत्रीण बरीच वर्षं बालवाडी चालवते, ती घरी आली होती. तिने ना पुस्तक काढलं ना पाटी, त्याला नुसतं विचारलं, 'कमळ मधला क काढून टाकला तर काय उरेल रे?' हा म्हणाला, 'पाणी.' आम्ही सगळे हसलो पण ती हसली नाही, म्हणाली बघ, त्याला कमळ दिसतंय, ऐकू येत नाहीये. म्हणजे शब्द त्याच्यासाठी फक्त वस्तू आहे, शब्द आवाजांचा बनलाय आणि त्याचे तुकडे पडतात हे त्याच्या डोक्यात आलेलंच नाही, आणि ते येत नाही तोवर तू अक्षरं कितीही घोटून घे, ती एकमेकांना चिकटणार नाहीत. याला फोनॉलॉजिकल अवेअरनेस म्हणतात हे मला नंतर कळलं, ती आपली साधं 'कान तयार करणं' म्हणते आणि मला तेच आवडतं.

मग आम्ही वह्यापुस्तकं कपाटात टाकली. आम्ही डोंबिवलीचे, माहेर ठाण्याला, त्यामुळे लोकलने जाणं-येणं चालूच असतं, तिथेच सुरुवात केली. 'पुढील स्टेशन' ऐकू आलं की पुढच्या नावाला टाळ्या वाजवायच्या. दि-वा दोन. ठा-णे दोन. मुं-ब्रा दोन. कोपरला को-पर अशा दोन वाजवल्या आणि समोरच्या सीटवरच्या काकू म्हणाल्या, 'अरे बाळा, तीन ना, को प र.' झालं, घरी येऊन यावर चर्चासत्र. सासूबाई पण म्हणे तीनच. पण बोलताना आपण 'कोपर्' म्हणतो ना, शेवटच्या र मधला अ आपण खातो, तसंच कळवा आपण कळ्-वा म्हणतो आणि डोंबिवली डों-बिव्-ली. लिहिताना अक्षरं जास्त, तोंडात तुकडे कमी. पोराचं बरोबर होतं कारण तो कानाने मोजत होता आणि आम्ही मोठी माणसं डोळ्यापुढे पाटी आणून मोजत होतो. शेवटी तह झाला: टाळी तोंडाची, बोटं अक्षरांची. टाळी वाजवताना बोलतो तसं बोलायचं, आणि बोटं मोजताना शब्द हळूहळू ताणून को, प, र म्हणायचं. हे दोन वेगळे हिशोब आहेत एवढं पक्कं झालं आणि पुढे वाचताना त्याचा फार उपयोग झाला, कारण घ आणि र वाचून त्याचं 'घर्' करायचं असतं, 'घरऽ' नाही, हे त्याला वेगळं सांगावंच लागलं नाही.

घरात जोडीला यमकं चालू होती, गाडी साडी वाडी काडी नाडी झाडी, पोळ्या लाटता लाटता मी एक शब्द टाकायचा आणि त्याने दुसरा, अर्थ नसलेला पण चालेल (ढाडी, फाडी, यात तर त्याला जास्तच मजा). भेंड्या शब्दांच्या, गाण्यांच्या नाही. ळ आणि ण वर शब्द संपवून आजीला अडकवायचं हे त्याने स्वतःच शोधलं, ळ साठी फळ, जाळ आणि ण साठी एकदम 'पण', आणि मग आजी ळ चा ल करून सुटायची.

पण खरी गंमत आली ती सासूबाईंच्या च च्या भाषेने. लहानपणी आपण सगळे बोललोय, शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि पुढे च लावायचा. मला झालं चलाम, येतं झालं चतंये, नाही झालं चहीना, पोळी झाली चळीपो. एका संध्याकाळी मी आणि सासूबाई त्याला कळू नये म्हणून आइस्क्रीमचं बोलत होतो आणि हा कान टवकारून बसलेला. 'चलाम चण सांप!' असं ओरडला, मला पण सांग, त्यातले शेवटचे दोन शब्द जरा फसले कारण चणप चंगसा व्हायला हवं होतं, पण माझ्या अंगावर काटाच आला. कारण बघा यात काय काय आहे, शब्दातलं पहिलं अक्षर ओळखायचं, वेगळं काढायचं, उरलेलं लक्षात ठेवायचं, काढलेलं मागे चिकटवायचं, आणि हे सगळं बोलता बोलता. कमळमधला क काढल्यावर पाणी उरतं म्हणणारं हेच ते पोर. वर्कबुकात पैसे घालण्यापेक्षा घरात आजी असेल तर तिला कामाला लावा असं मी आता सगळ्यांना सांगते.

एक दिवस त्याला म्हटलं च ने सुरू होणाऱ्या वस्तू आण. चमचा आणला, चावी आणली. चार रंगीत खडू ठेवले होते तर म्हटलं 'चार' पण च नेच ना? म्हणाला नाही, ते वेगळं. आणि खरंच वेगळं आहे! चमच्यातला च दातांजवळचा आणि चारमधला च टाळूला लागणारा. ज चं पण तसंच, जेवण आणि जर म्हणून बघा. लिपीत अक्षर एक, आवाज दोन. मी त्याला चूक न ठरवता सांगितलं की आवाज दोन आहेत पण दोघांचं घर एकच आहे, ते त्याला पटलं.

यानंतरचा टप्पा अवघड होता. 'का' हे अक्षर त्याला एक वाटायचं, त्यात क् आणि आ असे दोन आवाज आहेत हे कळेना, आणि काना-मात्रा कळायला नेमकं तेच लागतं, नाहीतर बाराखडी म्हणजे नुसतं पाठांतर. मी टेन्शनमध्ये रात्री वाचत बसायचे. 1974 मध्ये अमेरिकेत इसाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी मुलांना शब्दातल्या तुकड्यांसाठी टेबलावर टकटक करायला लावलं होतं. चार वर्षांच्या साधारण निम्म्या मुलांना सिलॅबल (म्हणजे आमचे टाळीवाले तुकडे) जमले पण सुटे आवाज एकालाही नाहीत, आणि पहिलीच्या शेवटाला सिलॅबल 90 टक्क्यांना आणि सुटे आवाज 70 टक्क्यांना. म्हणजे हा क्रमच आहे. सोनाली नाग यांचं कन्नड मुलांवरचं 2007 चं काम पण सापडलं, कन्नडची लिपी आपल्यासारखीच अक्षरांची, तिथेही सुट्या आवाजांची जाण सावकाशच येते असं दिसलं. वाचून जीवात जीव आला आणि मी घाई सोडली.

ताणता येणारे आवाज आधी घेतले. स्स्स्स-आ, सा. म्म्म्म-ई, मी. श, न, ल हे पण ताणता येतात. क, ट, प ताणता येत नाहीत, तोंडातून निघाले की संपले, ते मागे ठेवले. एल्कोनिन म्हणून एक रशियन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांची चौकटींची पद्धत आहे, कागदावर चौकोन काढायचे आणि प्रत्येक आवाजाला एक सोंगटी सरकवायची. आमच्याकडे सोंगट्यांऐवजी चिंचोके. 'मी' ला दोन चिंचोके, 'माशी' ला चार, म्, आ, श्, ई. मग पहिला चिंचोका तोच ठेवून दुसरा बदलायचा, मा चा मी, मी चा मे, मे चा मो. हे जमलं तेव्हा कपाटातून पाटी काढली, आणि सगळी मुळाक्षरं न घेता म, क, ल, र आणि काना, वेलांटी एवढंच घेतलं. तेवढ्यात काका, मामा, काकी, मला, लाल, काल, कमी असे कितीतरी शब्द होतात. 'मका' पण वाचला बरं का, न अडखळता.

इंग्रजीचं विचाराल तर शाळेत फोनिक्स (अक्षरांच्या नावांऐवजी त्यांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणं) चालू होतंच, एस ए टी पी आय एन च्या क्रमाने. तिथे अडचण वेगळी, आपण मराठी माणसं कॅट फोडताना क, ॲ, ट म्हणतो, आणि आपल्या क मध्ये अ आधीच बसलेला असतो, मग पोर जोडायला गेलं की 'कअॅट' होतं. चिंचोक्यांमुळे त्याला क् नुसता, अ शिवाय म्हणायची सवय लागली होती, कुजबुजल्यासारखा, ती इथे कामाला आली.

लिहायला लागला तसं मी जपून ठेवलेले कागद आहेत. एकावर 'आमबा' लिहिलंय, एकावर 'पनखा' आणि एकावर 'दुध'. नवरा म्हणाला चुका आहेत, दुरुस्त करून घे. मी म्हटलं नीट बघ, आंब्यातल्या अनुस्वारात खरंच म् आहे, पंख्यातला अनुस्वार पण नाकातूनच येतोय, पोराने जे ऐकलं ते लिहिलंय. टिंबाचा नियम काय, आठवड्यात शिकवता येतो. दूध मधला ऊ दीर्घ हे मात्र कानाने कळत नाही, त्याला नियमच लागतो आणि डोळ्याची सवय, तिथे मी फूल, मूल, दूध, पीठ असे शब्द फ्रिजवर लावून ठेवलेत.

आता पहिलीत आहे. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने इंग्रजी मीडियमलाही मराठी आहेच, त्यामुळे शाळेतही थोडंफार होतं. सध्या गाडी जोडाक्षरांवर अडलीय, विशेषतः र. चक्र मधला खाली, सूर्य मधला डोक्यावर, ट्रक मधला अजून तिसराच. ऐकायला त्याला सगळे नीट येतात, सूर्यमध्ये र् आधी आणि य नंतर हे तो चिंचोके लावून दाखवतो, पण लिहिताना रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा यात रोज भांडण. काल 'कोर्ट' लिहिताना रफार को वर दिला आणि म्हणाला, आधी ऐकू येतो तर नंतरच्याच्या डोक्यावर का? लॉजिक बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्याकडे मुलाला पटेल असं काही असेल तर सांगा.