आईची सिंगापूर वारी आणि एका मैलाची किंमत

धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला तेव्हाच ठरलं की बाळंतपणाला आई सिंगापूरला जाणार आणि सोडायला मी जाणार, कारण आईने त्याआधी विमान फक्त एकदाच पाहिलं होतं आणि तेही पुणे-दिल्ली. माझ्या खात्यात कंपनीच्या कामाच्या फेऱ्यांमधून साठलेले ३५,५०० मैल (विमानप्रवासावर एअरलाइन देते ते पॉइंट, ज्यांवर पुढे तिकीट काढता येतं) पडून होते, त्यातले ११,००० मार्चअखेर संपणार होते. मग ते वापरायचे का, कोणासाठी वापरायचे, आणि मुळात त्यांची किंमत किती, हा हिशोब मी दोन रविवार घालून केला. पुण्याहून असंच कोणी आई-बाबांना पाठवायच्या तयारीत असेल तर हे सगळं उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑफिसात कोणालाही विचारा, मैलाची किंमत म्हणून एक आकडा ठोकून देतात, कोणी म्हणतं चाळीस पैसे, कोणी म्हणतं दीड रुपया. मलाही आधी वाटायचं की असा एक आकडा असणारच, डॉलरच्या भावासारखा. तसं नाहीये. आम्ही दोघं एकाच विमानात शेजारी बसून गेलो, आणि माझ्या सीटसाठी मैल वापरले असते तर एका मैलाचे ६४ पैसे सुटले असते, आईच्या सीटवर ८९ पैसे सुटले. म्हणून माझं तिकीट रोख काढलं आणि आईचं मैलांवर.

कसं ते सांगतो. मुंबई-सिंगापूर येण्याजाण्याचं तिकीट तेव्हा ३४,००० ला मिळत होतं. तेच मैलांवर घेतलं तर एका बाजूला २०,००० म्हणजे दोन्हीकडचे ४०,००० मैल, आणि वर कर आणि विमानतळाची फी ७,२०० रुपये (जाताना २,६०० आणि येताना ४,६००, चांगी विमानतळाची फी मुंबईपेक्षा बरीच जास्त आहे). ही फी मैलांवरच्या तिकिटालाही भरावीच लागते, 'फुकट तिकीट' वगैरे काही नसतं. म्हणजे मैलांनी वाचवलेले खरे पैसे ३४,००० वजा ७,२०० म्हणजे २६,८००. आता इथे बरेच जण ४०,००० ने भागून मोकळे होतात. पण रोख तिकिटावर मला साधारण २,००० मैल नवीन मिळणार होते, मैलांवरच्या तिकिटावर शून्य, म्हणजे खरा खर्च ४२,००० मैलांचा. २६,८०० भागिले ४२,०००, ६४ पैसे.

आणि मी एकटा असतो तर हेही तिकीट घेतलं नसतं, सामानासकट २७,४०० मध्ये स्वस्तातल्या एअरलाइनने गेलो असतो. त्या तिकिटावर या खात्यात मैल काही मिळत नाहीत, म्हणून २७,४०० वजा ७,२०० भागिले सरळ ४०,०००, जेमतेम ५० पैसे. म्हणून तुलना करताना त्याच विमानाचं भाडं धरायचं नाही, मैल नसते तर तुम्ही खरंच जे तिकीट घेतलं असतं त्याचं भाडं धरायचं. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

आईचं गणित वेगळं का, तर तिची परतीची तारीख पक्की नव्हती. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला आधी व्हिसा लागतो (अधिकृत एजंटकडून होतो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटचे वेगळे), आणि तिथे उतरल्यावर साधारण ३० दिवस राहायला मिळतात. पुढे वाढवायचे तर तिथल्या माणसाने ऑनलाइन अर्ज करायचा, मंजूर होईलच याची खात्री नाही. बाळंतपण म्हणजे निदान दोन महिने तरी हवेतच. पण परतीचं तिकीट नसताना तिला इमिग्रेशनसमोर उभं करायची माझी तयारी नव्हती. म्हणून परतीची तारीख सत्ताविसाव्या दिवसाची घेतली, आणि मुदत वाढून मिळाली की बदलायची असं ठरवलं.

आता रोख तिकीट असतं तर तारीख बदलायचे ७,००० आणि वर भाड्यातला फरक. मी नंतर मुद्दाम त्या नव्या तारखेचा फरक बघितला, ५,५०० निघाला. म्हणजे एकूण ४६,५०० पडले असते. मैलांवरच्या तिकिटाला बदलाची फी २,१००, आणि त्याच दराची मैलांची सीट शिल्लक असेल तर फरक काही नाही. ४६,५०० वजा ९,३०० म्हणजे ३७,२००, भागिले ४२,०००, झाले ८९ पैसे. मुदत वाढून मिळाली नसती तर आईच्या मैलांची किंमतही ६४ वरच राहिली असती हे खरं, पण तो धोका मैलांवर घेणं मला रोख पैशांवर घेण्यापेक्षा कितीतरी बरं वाटलं. ज्याची तारीख हलू शकते त्याचं तिकीट मैलांवर, ज्याची पक्की आहे त्याचं रोख, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

फक्त एक, बदललेल्या तारखेला मैलांची सीट असायला लागते. बहिणीला शनिवारची हवी होती म्हणजे जावईबापूंना सोडायला सुट्टी काढावी लागली नसती, तीन दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बघत होतो, शेवटी मंगळवार रात्रीची मिळाली.

४०,००० ला माझे ४,५०० मैल कमी पडत होते. ते क्रेडिट कार्डाच्या पॉइंटमधून घेतले. माझ्या कार्डावर दोन पॉइंटचा एक मैल होतो आणि तोच पॉइंट बिलात वळवला तर २५ पैसे मिळतात, म्हणजे मला एक मैल ५० पैशाला पडला. हा आकडा प्रत्येकाने आपापल्या कार्डाचा काढून ठेवा, कारण तोच तुमचा तळ. त्याच्या खाली मैल वापरायचे असतील तर पॉइंट बिलात वळवलेले बरे. आणि कॅटलॉगमधला मिक्सर, ट्रॉली बॅग वगैरे घेण्याआधी तीच वस्तू लक्ष्मी रोडला कितीला मिळते ते बघा आणि तसाच भागाकार करा. मी तीन वस्तूंचा करून बघितला, एकही ३० पैशांच्या वर गेली नाही.

पॉइंट वळवताना माझी एक सीट हातची गेली. १२ तारखेची दिसत होती म्हणून पॉइंट पाठवले, बँकेकडून मैल खात्यात यायला चार दिवस लागले आणि तोपर्यंत १२ ची संपली, १४ ची घ्यावी लागली. तारखा पुढेमागे करता येण्यासारख्या होत्या म्हणून निभावलं. एकदा मैलात वळवलेले पॉइंट परत येत नाहीत, त्यामुळे त्या आठवड्यातल्या निदान तीन-चार तारखांना सीट दिसत असेल तरच वळवा.

नावाचंही बघा. दुसऱ्याच्या नावाने मैल वापरायला बहुतेक ठिकाणी त्या माणसाला आधी नॉमिनी करावं लागतं, म्हणजे आपल्या खात्यात त्याचं नाव नोंदवावं लागतं, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या मैलांच्या कार्यक्रमात असे पाच जण ठेवता येतात. आईच्या पासपोर्टवर तिच्या नावापुढे बाबांचं नाव आहे, आपल्याकडे असतंच तसं, आणि मी नॉमिनी भरताना ते गाळलं. दुरुस्तीला फोनाफोनी आणि दोन दिवस गेले. पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर भरा.

बिझनेस क्लासबद्दल. ऑफिसातला एक मित्र म्हणाला इकॉनॉमीत मैल वाया घालवू नको, बिझनेसला दीड रुपया सुटतो. आकडा बरोबर आहे, मी काढला, रोख भाडं १,४०,०००, मैलांवर ९०,००० आणि ७,८०० रुपये, भागाकार १ रुपया ४७ पैसे. पण एक लाख चाळीस हजार आम्ही कधी दिलेच नसते, मग त्या भाड्याने माझे मैल कसे मोजू? माझ्याकडे तेवढे मैल नव्हतेच, तरी आईच्या गुडघ्यांसाठी विचार केला. इकॉनॉमीपेक्षा ५०,००० मैल जास्त, ६४ पैशांनी ३२,००० रुपये. दोन्हीकडच्या मिळून अकराएक तासांसाठी मी खिशातून ३२,००० काढले असते का? नसते. आणि रोख बिझनेस भाड्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे (आधी १२ होता, इकॉनॉमीला ५), त्यामुळे तो भागाकार आणखीनच फुगतो. ज्यांना पाठीचं दुखणं आहे किंवा चौदा-पंधरा तासांचं अमेरिकेचं विमान आहे त्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारावा, उत्तर वेगळं येऊ शकतं आणि ते बरोबरच असेल.

गुडघ्यांसाठी आम्ही व्हीलचेअर सांगितली, तिला पैसे लागत नाहीत, बुकिंगमध्येच नोंदवायची. मुंबईच्या टी-२ वर काउंटरपासून गेटपर्यंतचं अंतर बघता ज्यांना चालायचा त्रास आहे त्यांनी संकोच करू नये. आई आधी नको म्हणत होती, 'लोक काय म्हणतील, धडधाकट बाई बसलीये'. सिक्युरिटी झाल्यावर मात्र म्हणाली बरं झालं. येताना ती एकटी होती, तेव्हा तर व्हीलचेअरवाल्या मुलानेच तिला इमिग्रेशन, सामान सगळं करून बाहेर माझ्यापर्यंत आणून सोडलं.

पुण्याहून निघायचं तर कर्वेनगरहून आम्ही रात्रीच्या विमानासाठी दुपारी तीनला निघालो. शुक्रवार होता, खंडाळ्याच्या घाटात पाऊण तास गेला, तरी आठच्या आत पोचलो. कॅबचे ३,२०० झाले. पुण्याच्याच विमानतळावरून, लोहगावहून, सोयीचं विमान मिळत असेल तर हे कॅबचे पैसे आणि घाटातला वेळ हिशोबात धराच. मुंबईहून मैलांवर आणि पुण्याहून रोख असे दोन पर्याय समोर असतील तर मुंबईच्या तिकिटाच्या खर्चात कॅब घाला, मग भागाकार करा. माझ्या वेळी दोन्ही पर्याय मुंबईचेच होते म्हणून कॅब मधे आली नाही.

सामानाचं एक अगदी महत्त्वाचं. आईने डिंकाचे लाडू करायला घेतले होते, खोबरं किसून झालं होतं, आणि मला सहज यादी बघताना कळलं की सिंगापूरमध्ये खसखस न्यायला बंदी आहे, ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात येते. लाडवातली चिमूटभरसुद्धा नको. आईने खसखस वगळून लाडू केले, चवीत फरक पडतो म्हणत होती पण केले. हळीव, बाळंतशेपा, ओवा, मेतकूट नेलं, काही अडचण आली नाही. च्युइंगगमही नेऊ नका. मेथी, शेवगा वगैरेसाठी जीव टाकू नका, तिथल्या लिटल इंडिया भागात टेक्का सेंटरच्या मंडईत आणि मुस्तफा या मोठ्या दुकानात सगळं मिळतं. आणि निघण्याआधी तीन दिवसांच्या आत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे, सरकारी साइटवरच भरा.

सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, विमान साडेपाच तासांचं, त्यामुळे रात्र अशी मिळतच नाही. सकाळी उतरल्यावर चांगी विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल मॉलमधला चाळीस मीटरचा धबधबा दाखवायचा बेत होता, पण आईला लेकीकडे जायचं होतं, पाणी कुठे पळून जात नाही म्हणाली. तो मी सहाव्या दिवशी परतताना एकट्याने बघितला.

साठवून ठेवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, ठेवू नका. मैल म्हणजे बँकेतली ठेव नाही, व्याज नाही, आणि एअरलाइनला दर वाढवायचे असले की वाढवते. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १९८१ मध्ये आपला मैलांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून मैल खर्चायचा दर एअरलाइनच्याच हातात आहे. आपल्याकडे तर नाव सुद्धा टिकत नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तिचा मैलांचा कार्यक्रम वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून पुढे इंटरमाइल्स नावाने चालला, पण ते मैल जेटच्या विमानासाठी जमवणाऱ्यांना विमान कुठून मिळणार? विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात गेली, पॉइंटही तिकडे गेले. एअर इंडियाच्या मैलांच्या कार्यक्रमाचं १९९४ पासूनचं नाव फ्लाइंग रिटर्न्स, ते आता महाराजा क्लब झालंय. क्रिसफ्लायरचे मैल तीन वर्षांनी जातात. माझे ११,००० मैल मार्चनंतर शून्य पैशांचे झाले असते.

वरचा चार्जही बघून घ्या. सिंगापूर एअरलाइन्सने स्वतःच्या विमानांच्या मैल-तिकिटावरचा इंधन अधिभार २०१७ मध्ये काढून टाकला, पण ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा अशा कंपन्या मैलांच्या तिकिटावरही अधिभार लावतात आणि युरोपच्या तिकिटाला तो चांगला जड पडतो. पैसे भरायच्या पानापर्यंत जाऊन शेवटचा आकडा बघा आणि तोच भाड्यातून वजा करा.

आईची मुदत वाढून मिळाली, भाचीला बारा दिवस पूर्ण झाले त्याच दिवशी मेल आला. आई त्या मंगळवारच्या विमानाने परत आली, घाट चढल्यावर कॅबमध्ये झोपली ती वाकडला उठली. माझ्या रोख तिकिटाचे २,००० मैल खात्यात जमा झालेत. दिवाळीत बहीण बाळाला घेऊन येणार आहे, तिच्या परतीच्या तारखेचाही काही भरवसा नाही, त्यामुळे यावेळी जावयांच्या खात्यातले मैल किती आहेत ते आधी विचारून ठेवलंय.