बेदाणा तासगावचा, गुन्हा दिल्लीचा

ऑगस्ट २०१४. तासगावच्या फौजदारी कोर्टात त्या दिवशी बोर्डावर चेक न वटल्याची प्रकरणं ओळीनं लागली होती आणि वकील एकेक करून आपापल्या फिर्यादी परत घेऊन बाहेर पडत होते. १ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात ठरवलं होतं की, चेक ज्या शाखेवर काढला ती जिथं असेल तिथल्याच कोर्टात कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, फिर्याद चालेल. त्याआधी १९९९ च्या भास्करन निकालामुळे फिर्यादीनं चेक जिथं भरला तिथंही खटला चालायचा.

माझी दोन प्रकरणं होती. दोन्ही बेदाण्याची, दोन्ही आरोपी दिल्लीच्या खारी बावलीतले व्यापारी. पहिला समन्स मिळताच हजर झाला होता, जामीन दिला होता, फिर्यादीचा उलटतपास चालू होता. आरोपी हजर होऊन कलम १४५(२) प्रमाणे पुरावा सुरू झाला असेल तर खटला आहे तिथंच राहील, अशी सवलत निकालातच होती. ते प्रकरण बचावलं. दुसरा वॉरंटलाही दाद देत नव्हता. 'पत्त्यावर मिळून आला नाही' असा शेरा घेऊन वॉरंट परत यायचं. आरोपी नाही म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून फिर्याद परत.

म्हणजे कोर्टाचा मान ठेवणाऱ्यानं तासगावला हेलपाटे घालायचे आणि तोंड चुकवणाऱ्याचा खटला मात्र त्याच्या दारात जाणार. सोयीच्या शहरात फिर्यादी टाकून लांबच्या माणसाला जेरीला आणण्याचे प्रकार होत होते, ते थांबायला हवेच होते. पण चालू खटल्यांमध्ये रेघ ओढली ती नेमकी फरार आरोपीच्या फायद्याची.

साहेबांनी हुकूम वाचला: सक्षम न्यायालयात दाखल करण्यासाठी परत. तीस दिवसांत तिथं दाखल केली तर मुदतीत धरली जाणार होती. या दुसऱ्या प्रकरणातले माझे पक्षकार आबा माझ्याकडे बघत राहिले.

"वकीलसाहेब, माल हितनं गेला, चेक हितल्या बँकेत भरला. मग गुन्हा दिल्लीत कसा झाला?"

"आबा, पैसे नाहीत म्हणून चेक नाकारला दिल्लीच्या शाखेनं. गुन्हा तिथं घडला, असं कोर्ट म्हणतंय."

"आणि बुडालो कुठं मी?"

याला कायद्यात उत्तर नव्हतं. खरं तर फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६२ (आता नागरिक सुरक्षा संहितेत ५०८) सांगतं की, खटला चुकीच्या जिल्ह्यात चालला एवढ्याच कारणावरून निकाल रद्द होत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष अन्याय झाला असेल तरच होतो. आबांचा आरोपी वेळेत सापडून शिक्षा झाली असती, तर नुसत्या जागेच्या मुद्द्यावर अपिलात त्याची सुटका अवघडच होती. सुरुवातीलाच हरकत आली की फिर्याद परत आणि निकालानंतर आली की 'तुमचं नुकसान काय झालं ते दाखवा', हा फरक मी कॉलेजात पाठ केला होता. त्याची किंमत त्या दिवशी कळली.

मूळ चेक, बँकेचा मेमो, नोटिशीची पोच, सगळं मोजून ताब्यात घेतलं. आबा मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला गेले आणि दिल्लीच्या तीस हजारी कोर्टात नवा वकील, नवा वकालतनामा केला. साडेचार लाखांच्या वसुलीसाठी पदरचे पैसे जायला लागले. घरचे म्हणायचे, सोडून द्या. आबा सोडणारे नव्हते.

१५ जून २०१५ ला वटहुकूम आला आणि पुढे कायद्यातच दुरुस्ती झाली: चेक खात्यात भरला असेल तर ते खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. नव्या कलम १४२-अ नं चालू प्रकरणंही तशीच वर्ग करायला सांगितली. आबांचं खातं तासगावात. काही महिन्यांनी फाइल परत आली, दिल्लीतले आदेश वर टाचलेले. ते वाचले, तर तिथंही तो एकदाही हजर झाला नव्हता. त्याच पत्त्यावर पुन्हा समन्स काढायला मी अर्ज दिला.