आमची वाटचाल : रात्री अडीचचा फोन

आमचं ऑफिस नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात आणि गिऱ्हाईक सगळं अमेरिकेत. काम स्टील डिटेलिंगचं. इमारतीतला कुठला बीम किती लांब कापायचा, भोकं कुठे पाडायची, वेल्डिंग कुठे, हे फॅब्रिकेटरला, म्हणजे ते स्टील कापून-जोडून देणाऱ्याला, दाखवणारी शॉप ड्रॉइंग आम्ही काढतो. सुरुवातीला दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, मी आणि दोन पोरं. काम येत होतं, पण नवं गिऱ्हाईक मिळवायचं म्हणजे फोन. आणि तिकडे फोन म्हणजे व्हॉइसमेल.

आपल्याकडे मिस्ड कॉल दिसला की माणूस स्वतःच फिरवतो. तिकडे अनोळखी नंबर कोणी उचलत नाही. बीप वाजते, निरोप ठेवा. उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसातला त्यांच्या पूर्व भागात सकाळचे दहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की तेच दहा आपल्या साडेआठला. तर्री-पोहे हाणून आम्ही बसायचो आणि एकामागून एक निरोप ठेवायचो. आठ महिने एकही उलट फोन नाही.

आमचेच निरोप एकदा रेकॉर्ड करून ऐकले आणि लाज वाटली. "गुड मॉर्निंग सर, होप यू आर डुइंग वेल," मग कंपनीचा इतिहास, आणि शेवटी धाडधाड नंबर. आपण नंबर पाच-पाच आकड्यांत म्हणतो, मध्ये 'डबल टू', 'ट्रिपल नाइन' घालतो. त्यांचा नंबरही दहाच आकडी, पण ते तीन-तीन-चार असा तोडतात. छोट्या फॅब्रिकेशन शॉपमधला एस्टिमेटर, म्हणजे कामाचा भाव काढणारा माणूस, टेबलावरच्या फोनचा निरोप ऐकत कागदावर नंबर उतरवतो. आमचा त्याला निम्मासुद्धा उतरवता येत नसणार.

मध्येच एका कॉलिंग एजन्सीला आगाऊ पैसे देऊन बसलो. त्यांनी आमच्या नंबरावरून इतके फोन मारले की समोरच्याच्या स्क्रीनवर आमच्याऐवजी 'स्कॅम लाइकली', म्हणजे 'बहुतेक फसवणूक', असं उमटू लागलं. कॉल खऱ्याच नंबरावरून आला का, हे तपासण्याची यंत्रणा तिकडच्या मोठ्या टेलिफोन कंपन्यांना 2021 पासून सक्तीची आहे. आमचा नंबर खराच होता, वागणं तेवढं भामट्याचं. नंबर बदलावा लागला. पैसे गेले ते गेलेच.

मग ओहायोतलं एक काम दिसलं. सरकारी बिडची, म्हणजे टेंडरची, ड्रॉइंग बघायला मिळतात. चाळताना एका पोराच्या लक्षात आलं : खांबाखालच्या बेस प्लेटच्या तक्त्यात तिला पायाशी जखडणारे अँकर बोल्ट चार, आणि त्याच प्लेटच्या डिटेल ड्रॉइंगमध्ये सहा. त्या रात्री तिथल्या एका फॅब्रिकेटरला ठेवलेल्या निरोपात मी फक्त कामाचं नाव, शीट नंबर, चार की सहा एवढंच सांगितलं आणि आमचा नंबर दोनदा, सावकाश, तीन-तीन-चार.

फोन आला रात्री अडीचला. घरी त्या वेळी फोन वाजला की एकच अर्थ, गावाकडचं कोणीतरी गेलं. बायको उठून बसली. मी उचलला, तर पलीकडून, "ते बोल्टचं काय म्हणत होता तुम्ही?" त्याला त्याच आठवड्यात भाव भरायचा होता आणि ही चूक त्याच्या नजरेतून सुटली होती.

तेव्हापासून शोधायला वेळ जास्त, फोन कमी. आधी ड्रॉइंग वाचायचं, काही सापडलं तरच फोन लावायचा. 2023 पासून तिकडच्या आयफोनवर निरोप बोलतानाच अक्षरं उमटतात, म्हणून पहिल्याच वाक्यात कामाचं नाव. माझ्या आडनावाचं त्या अक्षरांत काय होतं ते सांगण्यासारखं नाही. ते आता शेवटी, स्पेलिंगसकट. एका पोरानं मधे 'तुमच्या ऑर्डरबद्दल' असं मोघम म्हणून पाहिलं. फोन तासाभरात आला, पण शिव्या खायला. ऑर्डर नसताना ऑर्डर म्हणायचं नाही, हे तिथेच ठरलं.

ओहायोवाल्याला ते काम मिळालंच नाही. तीन महिन्यांनी त्यानं एका शाळेचे जिने आणि रेलिंग पाठवले, तो आमचा पहिला मोठा चेक. अमेरिकेच्या नंबरांना मी आता वेगळी रिंगटोन लावली आहे. ती वाजली की बायको कूस बदलते आणि म्हणते, "घ्या, बोल्टवाला आला असन."