उघडली, पण वाचता येईना

"अरे, फाईल उघडत नाहीये." एवढं बोलून फोनवरचा माणूस गप्प. डॉक्टरसमोर 'बरं वाटत नाही' म्हणून बसावं तसा. स्क्रीनवर काय आलंय विचारलं तर उत्तर ठरलेलं: "काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके केलं." कॉम्प्युटरचा निरोप वाचायचा नसतो, घालवायचा असतो, यावर आमच्या गिरगावातल्या वाडीत आबालवृद्धांचं एकमत आहे. वास्तविक निम्मं निदान त्या दोन ओळींतच असतं. फाईल दुसऱ्या कोणाकडे उघडी आहे असं वर्ड सांगत असेल, तर फाईल ठणठणीत आहे; दुसऱ्या मशीनवर ती तशीच ठेवून कोणीतरी चहाला गेलंय. मेलमधून आलेली फाईल अडली, तर प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'ची चौकट दिसते का बघायचं. साइज शून्य केबी दिसली तर मात्र हात जोडायचे. आत काही नाहीच, उघडणार काय?

माझा आवडता उपाय नोटपॅडचा. हटून बसलेली फाईल त्यात उघडायची. कचराच दिसतो, पण सुरुवातीची अक्षरं खरं बोलतात. तिथे 'पीडीएफ' असेल तर ती पीडीएफच. कोणीतरी नुसतं नाव बदलून तिची वर्ड फाईल करायला गेलंय. 'एचटीएमएल' असेल तर फॉर्मऐवजी वेबसाइटचं पानच उतरलंय. आणि 'पीके' दिसलं तर आत झिप आहे, म्हणजे अनेक फाइलींचं दाबून बांधलेलं गाठोडं. ऑफिस २००७पासूनची वर्डची डॉक्सएक्स फाईल ही मुळात झिपच असते, आणि पीके ही १९८९मध्ये झिप आणणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. म्हणजे रोज लाखो लोक त्या गृहस्थांची सही असलेले अर्ज एकमेकांना पाठवतात, आणि कोणाला पत्ता नाही. वर्डच्या 'ओपन अँड रिपेअर'नंही जमलं नाही, तर कॉपीच्या नावाशेवटी झिप लावून आतून मजकूर उपसता येतो. (हे 'ओपन अँड रिपेअर' ओपनच्या बटणाला चिकटलेल्या एवढ्याशा बाणात लपवून कोणी ठेवलं, त्याला एकदा भेटायचंय.)

हे आजार साऱ्या जगाचे. मराठी फाईलचा खास आजार ती उघडल्यानंतर सुरू होतो.

मंडळाला यंदा जुन्या गणेशोत्सव स्मरणिकांमधले लेख एकत्र छापायचेत. कोणाच्या तरी माळ्यावर सीडी निघाली. आता सीडी घालायची कशात? लॅमिंग्टन रोडवरून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. आत पेजमेकर ६.५ या पानं जुळवायच्या जुन्या प्रोग्रॅमच्या फाइली. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. त्याच कामाचा नंतरचा प्रोग्रॅम, इनडिझाइन, त्या फाइली उघडायचा, पण सीएस६ या आवृत्तीपर्यंतच. शेवटी एका डीटीपीवाल्या काकांकडे जुनं मशीन निघालं. फाईल उघडली, टाळ्या झाल्या, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांच्या रांगाच रांगा.

"फाँट नाही," काका म्हणाले.

तेव्हाच्या फाँटांत मराठी अक्षर म्हणून काही साठवलेलंच नसायचं. साठवायचं इंग्रजी अक्षर, दाखवायचा त्यावर चढवलेला मराठी आकार. कृतिदेव या फाँटमध्ये 'कमल' म्हणजे फाईलच्या लेखी डी, ई, वाय. दुसऱ्या कंपनीच्या फाँटात तोच 'क' भलत्याच बटणावर. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण प्रेसमध्ये त्यानंतरही वर्षानुवर्षं हेच फाँट चालले. त्यात मी त्यांना दोष देत नाही. त्यांना कागदावर सुबक अक्षर हवं होतं, आणि ते मिळत होतं. फाईल ही कागदापर्यंत जायची वाट. तिच्यावरून कोणी उलटं चालत येईल हे कोणाच्या डोक्यात असणार?

काकांनी जुना फाँट शोधला, मग मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला. या फाँटांत रफार डोळ्यांना दिसतो त्या क्रमानं, अक्षरानंतर येतो. युनिकोडला तो आधी लागतो. कन्व्हर्टर इथे हमखास घसरतो. त्यामुळे आमच्या मंडळात 'कायर्कर्त्यांनी कायर्क्रम' पार पाडले. 'दुसऱ्या'तला र रुसून 'दुसर्‌या' झाला. प्रूफं तपासायला शाळेतून निवृत्त झालेल्या काकू बसल्या. त्यांनी कन्व्हर्टरच्या चुकांबरोबर मूळ लेखकांच्याही काढायला सुरुवात केली, तेव्हा सेक्रेटरींनी दबकत हरकत घेतली. "चूक ती चूक. कोणाची का असेना," काकू.

एवढं झाल्यावर डीटीपीवाले काका शांतपणे म्हणाले, "छापील अंक आहे का कोणाकडे? समोर ठेवून टाइप केलं असतं, तर एव्हाना झालंही असतं." अंक होता. काकूंच्याच ट्रंकेत.

लेख अशा रीतीनं मार्गी लागले. जाहिराती मात्र त्या अंकात नाहीत. चमकदार कागदाची पानं केव्हाच कोणीतरी वह्यांच्या कव्हरांना वापरलीत. आणि कन्व्हर्टरनं जाहिरातींतली खरीखुरी इंग्रजी नावंही मराठी समजून देवनागरीत बदलून ठेवली आहेत. पूर्ण पान घेतलेल्या एका देणगीदाराचं नाव आता 'ळघ्डझ्ण' अशा धर्तीचं काहीतरी आहे. पुस्तकात जुन्या देणगीदारांचे आभार मानायचेत, म्हणून तो लोहार चाळीतला इलेक्ट्रिकवाला की भुलेश्वरचा कापडवाला, यावर रोज रात्री जेवणानंतर वाडीत दोन गट बसतात. काकू कापडवाल्याच्या बाजूच्या आहेत.