पाव ब्रासची गाडी : आमची वाटचाल

नमस्कार मंडळी. गार्डनचं मटेरियल पोचवायचा आमचा धंदा जळगावात बारा वर्षांचा झाला. सुरुवात वडिलांच्या नर्सरीतून. आप्पा रोपं विकायचे आणि रोप घेतलं की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, लाल माती मिळेल का, शेणखत मिळेल का, लॉनखाली टाकायला वाळू कोण आणून देईल. आम्ही दरवेळी दुसऱ्याचा नंबर द्यायचो. एक दिवस आप्पा म्हणे, अरे भो आपणच गाडी घेऊ ना. मग आईची एफडी मोडली, पतसंस्थेचं थोडं कर्ज काढलं आणि सेकंडहँड बोलेरो पिकअप दारात आली, १३०० किलो पासिंगची, म्हणजे कागदावर तेवढंच वजन न्यायची परवानगी असलेली.

पहिली दोन वर्षं सगळे भरतात तशीच आम्ही पण भरली, हौदा, म्हणजे माल भरायचा मागचा भाग, काठोकाठ आणि वर शीग. गिऱ्हाईकाला पण तेच आवडतं, गाडी भरलेली दिसली की पैसे वसूल. आता हिशोब सांगतो तो तेव्हा कुणी आम्हाला सांगितला नव्हता. हौदा साधारण ९ फूट बाय साडेपाच, उंची सव्वा फूट, म्हणजे साठ घनफुटाच्या वर माल बसतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि वाळूचा एक ब्रास कोरडा असला तरी साडेचार टनाच्या आसपास जातो. म्हणजे हौदा नुसता काठापर्यंत भरला तरी पावणेतीन टन झाले, गाडीच्या ताकदीच्या दुप्पट! शीग तर वेगळीच. वाळू पाव ब्रासच्या थोडी वर गेली की ही गाडी फुल झाली, भले हौदा अर्धा रिकामा दिसू दे.

आणि मग तो दिवस आला. एरंडोलकडच्या एका फार्महाऊसला रॉक गार्डनसाठी काळे दगड न्यायचे होते. काळा दगड एक घनफूट घेतला तर ८० किलोच्या जवळपास भरतो, डोळ्याला तो कधीच तेवढा वाटत नाही. आम्ही अंदाजाने भरले, मोठे दगड उतरवायला सोपे म्हणून मागे फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या उघडणाऱ्या पत्र्याच्या दाराजवळ, ठेवले आणि वरून फक्त दोर मारला. नाना, आमचे शेजारी, जुने ट्रक ड्रायव्हर, बघून म्हणाले पण होते, "कसाले इतलं भरी राह्यना रे भाऊ?" मी ऐकलं नाही. पुलाच्या चढावर दगड मागे सरकले, गाडीचं तोंड उचलल्यासारखं झालं, स्टेअरिंग एकदम हलकं लागायला लागलं आणि फाळक्याची कडी तुटून एक दगड रस्त्यावर. मागे मोटरसायकल होती, नवरा बायको आणि मधे लहान मुलगी. त्यांनी वेळेत ब्रेक मारला म्हणून वाचले. ती मुलगी रडत होती तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

दुसऱ्या दिवशी आरसी बुक काढलं. त्यात गाडीचं मालासकट एकूण वजन लिहिलेलं असतं आणि रिकाम्या गाडीचं पण, त्यातलं रिकामं वजा केलं की उरतं तेवढंच भरायचं, आणि त्यात ड्रायव्हर आणि दोन मजूर पण आले, हे दीडदोनशे किलो सगळे विसरतात. तेव्हापासून प्रत्येक खेप आधी धरमकाट्यावर, म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन करायच्या काट्यावर.

भरायची पद्धत पण बदलली. सगळ्यात जड दगड खाली आणि मागच्या एक्सलच्या जरा पुढे, डावं उजवं सारखं, प्रत्येकाला सरकू नये म्हणून लाकडाची उटी (पाचर), मधल्या फटीत जुने टायर, वरून रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचा पट्टा), आणि बेल्टचा हूक पत्र्याच्या फाळक्याला न लावता खाली मजबूत कड्याला. पेव्हर ब्लॉक केबिनला चिकटवून लावत यायचे, धारेवर बेल्ट कापतो म्हणून खाली गोणपाट. ६० एमएमचा पेव्हर १०० चौरस फुटाला साधारण १३०० किलो होतो, म्हणजे माणसं धरली तर १०० चौरस फूट पण एका खेपेत नाही. वाळू मातीवर ताडपत्री पाहिजेच. पाण्याची टाकी मात्र एकतर पूर्ण भरलेली नाहीतर रिकामी, अर्धी टाकी वळणावर हेलकावे खाते आणि गाडीला ओढते. कन्नड घाट उतरून चाळीसगावकडे येताना खालचा गियर, नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ब्रेक तापून धरत नाहीत. आणि आपल्याकडचा मे महिना तर माहितीच आहे, टायरची हवा सकाळी थंड असतानाच चेक करायची, कमी हवा आणि जास्त वजन असलं की तापलेल्या डांबरावर टायर फुटतोच.

धंद्याला फटका बसला हे खरं. समोरचा एका खेपेत आणून देतो, तुम्ही दोन का लावता, असं रोज ऐकायचो. एक चांगला कॉन्ट्रॅक्टर तर सोडूनच गेला. कायद्याचं सांगायचो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे, पण त्याने कुणाला फरक पडत नव्हता. फरक पडला काट्याच्या पावतीने. आम्ही दर 'गाडी'वर लावणं बंद केलं आणि वजनावर सुरू केलं, प्रत्येक खेपेबरोबर पावती. लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्याला नेमका माल किती मिळतो. जळगावातल्याच महाबळ भागातल्या एका काकूंनी त्या पावत्या सोसायटीत दाखवल्या आणि तिथली पाच कामं आम्हाला मिळाली. पूर्वी कमानी पाटे (चाकांवरचे स्प्रिंगचे पट्टे) वर्षातून दोनदा तुटायचे, तो खर्च गेला, आणि त्याच पैशातून दुसरी पिकअप घेतली.

सध्या लॉनची पावसाळी कामं जोरात आहेत. वाळू ओली येते, पाण्याने वजन वाढतं म्हणून खेपेला पाव ब्रासच्याही खालीच भरतोय, त्यामुळे एखादी खेप जास्त लागेल. गाडी दारात आली की आधी ड्रायव्हरकडून काट्याची पावती मागून घ्या, मगच माल उतरवू द्या.